पद गेल्यावरचे व्यासपीठ : जळगाव-धुळ्यातून एक आढावा

मंत्रिपद, सभापतिपद किंवा त्याहून मोठे पद भूषवून बाहेर पडलेल्या माणसाने लोकांपुढे काय बोलावे, कुठे बोलावे आणि कोणाच्या खर्चाने बोलावे, यावर इंग्लंडात बरीच वर्षे उघड चर्चा चालू आहे. तिथला माजी पंतप्रधान किंवा माजी परराष्ट्रमंत्री व्याख्याने देतो, त्याचे पैसे घेतो, आणि तो खासदार असेपर्यंत ती रक्कम संसदेच्या नोंदवहीत लिहावी लागते. आपल्याकडे हाच प्रश्न तुकड्या-तुकड्यांनी समोर येतो. साहित्य संमेलनाच्या मंचावर नेते किती असावेत? व्याख्यानमालेत पक्षाचा माणूस बोलवावा का? राष्ट्रपती राहिलेल्या व्यक्तीने वादाच्या ठिकाणी भाषणाला जावे का? प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस चर्चा होते आणि विषय मागे पडतो. हे तुकडे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. गरज पडली तिथे बाहेरची उदाहरणे घेतली आहेत.

हे दोन जिल्हे घेण्याला कारण आहे. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती या भूमीतल्या. विधानसभेचे अध्यक्ष, विरोधी पक्षनेते, अनेक खात्यांचे मंत्री इथून गेले. शिवाय भाषण ऐकायला दहा-पंधरा कोसांवरून बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने येणारा श्रोता इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचाही विचार इथे एकत्र करता येतो.

तुरुंगातले रविवार, फैजपूरचा मांडव

खानदेशातल्या व्यासपीठाचा इतिहास सांगताना सुरुवात सभेच्या मैदानापासून करण्याचा मोह होतो. मला मात्र ती धुळ्याच्या तुरुंगापासून करावीशी वाटते. 1932 मध्ये सविनय कायदेभंगातले कैदी तिथे होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेल्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले, अनेक भाषांत गेले. विनोबा सत्ताधारी नव्हते, पुढेही झाले नाहीत. तरी या प्रसंगाचा आपल्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. त्या काळी तुरुंगातुरुंगांत सत्याग्रह्यांचे वर्ग आणि प्रवचने होत असत. त्यातली बहुतेक भिंतींच्या आत विरली. धुळ्याची टिकली, कारण ऐकणाऱ्यांत एक जण लेखणी घेऊन बसला होता. पुढे या लेखात नोंदीचा मुद्दा पुन्हा येईल, तेव्हा हा प्रसंग लक्षात ठेवावा.

चार वर्षांनी, डिसेंबर 1936 मध्ये, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्याने कमानी आणि मांडव सजवले. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव हिंडून माणसे जमवली. शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि जमीनसाऱ्याचा प्रश्न अधिवेशनाच्या ठरावात आला. ज्या गावांनी तोवर सरकारी अधिकाऱ्याच्या दौऱ्यापलीकडे बाहेरचे मोठे माणूस पाहिले नव्हते, त्यांनी देशाचे पुढारी आपल्या शेताच्या बांधाशी येऊन बोलताना ऐकले. खानदेशी श्रोत्याने राजकीय भाषणाकडून पुढे ज्या अपेक्षा केल्या, त्यांचा पाया इथे पडला असे मानायला जागा आहे. बोलणाऱ्याने आपल्याकडे यावे, आपल्या पिकाचे-पाण्याचे बोलावे, ही ती अपेक्षा.

याच काळात, 1937 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले. तिथे आजही दरवर्षी 31 जुलैला लोक जमतात, भाषणे होतात. एखाद्या नेत्याच्या मुक्कामाची आठवण हेच व्यासपीठ होऊन बसल्याचे असे उदाहरण महाराष्ट्रात फार नाही.

साहित्याचे व्यासपीठ समांतर चालत होते. जळगावला 1936 मध्ये माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले, धुळ्याला 1944 मध्ये मामा वरेरकर अध्यक्ष होते, अमळनेरला 1952 मध्ये कृ. पां. कुलकर्णी, पुन्हा जळगावला 1984 मध्ये शंकरराव खरात. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय या संस्थांमुळे पक्षाबाहेरचे बोलणे ऐकण्याचीही सवय इथल्या शहरांना लागली. पक्षाची सभा आणि वाचनालयाचे व्याख्यान यांत इथला श्रोता फरक करत आला. पुढचा सगळा वाद या दोहोंमधल्या सीमेवरचा आहे.

पदावरून उतरलेली माणसे

मराठी सार्वजनिक जीवनात पदमुक्त नेत्याने बोलण्याच्या निरनिराळ्या वाटा शोधल्या आहेत. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोग व दिल्ली विद्यापीठ यांच्या कामात ते गुंतले. त्यांचे पुढचे बोलणे विद्येच्या व्यासपीठावरचे राहिले. काकासाहेब गाडगीळ केंद्रात मंत्री होते, पंजाबचे राज्यपाल झाले, 1962 मध्ये साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मधू दंडवते रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री होऊन गेले. मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि व्याख्यानमालांतला त्यांचा सूर शेवटपर्यंत शिकवणाऱ्याचा राहिला.

खानदेशापुरते पाहिले तर तीन वाटा ठळक दिसतात.

प्रतिभाताई पाटील यांचा जन्म 1934 मध्ये नाडगावचा, शिक्षण जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात. 1962 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर गेल्या आणि त्यानंतर एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, ओळीने चार वेळा निवडून आल्या. मंत्रिपदे, 1979-80 मध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, लोकसभा, राजस्थानचे राज्यपालपद आणि 2007 ते 2012 राष्ट्रपतिपद. अर्ध्या शतकाचा हा प्रवास निवडणुकीच्या भाषणापासून राष्ट्रपतींच्या अभिभाषणापर्यंतचा आहे, आणि या दोन्हींतला फरक मोठा आहे. प्रचारातले भाषण वक्त्याचे स्वतःचे असते. संसदेपुढचे अभिभाषण मंत्रिमंडळाने मंजूर केलेले असते, राष्ट्रपती ते वाचतात. त्यामुळे या पदावरून उतरल्यावर ‘आता स्वतःचे’ बोलावे की पदाची शिस्त पाळत राहावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे इतर कोणाही नेत्यापेक्षा जास्त टोकदारपणे उभा राहिला असणार. निवृत्तीनंतर त्या पुण्यात स्थायिक झाल्या आणि पक्षीय राजकारणाच्या व्यासपीठापासून दूर राहिल्या.

दुसरी वाट मधुकरराव चौधरींची. फैजपूर अधिवेशनासाठी राबलेल्या धनाजी नानांचे हे चिरंजीव. शिक्षणखाते सांभाळले, 1990 ते 1995 विधानसभेचे अध्यक्ष राहिले. पण खिरोद्याच्या शिक्षणसंस्थांशी त्यांचे नाते पदाच्या आधीपासूनचे आणि पदानंतरचेही. सभागृहाच्या अध्यक्षाला बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम अधिक. अशा माणसाचे खेड्यातल्या संस्थेच्या अंगणात चाललेले बोलणे हे राजकीय अनुभवाचे शिक्षणात झालेले रूपांतर म्हणता येईल.

तिसरी वाट एकनाथ खडसे यांची. 2009 ते 2014 विधानसभेतले विरोधी पक्षनेते, नंतर महसूलमंत्री, जून 2016 मध्ये राजीनामा. त्यानंतरही 2019 पर्यंत ते आमदार होते, 2020 मध्ये त्यांनी पक्ष बदलला, 2022 मध्ये ते विधान परिषदेवर गेले. मंत्रिपद गेल्यावर आपल्याच पक्षाच्या सरकारला सभागृहात प्रश्न विचारणारा ज्येष्ठ सदस्य, हे चित्र महाराष्ट्राने त्या काळात पाहिले. इथे पद गेले. राजकारण गेले नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य माजी मंत्र्यांची वाट हीच आहे, म्हणून आढाव्यात तिला वजन द्यायला हवे.

बाहेरून येऊन इथे बोललेल्या पदमुक्त व्यक्तीचेही एक उदाहरण घेऊ. अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष रवींद्र शोभणे. उद्घाटन लोकसभेच्या माजी अध्यक्ष सुमित्रा महाजन यांच्या हस्ते. चिपळूणला जन्मलेल्या, लग्नानंतर इंदूरला गेलेल्या, तिथून 1989 ते 2014 या काळात ओळीने आठ वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या सुमित्राताईंना प्रवचनाचा जुना सराव आहे, आणि अहिल्याबाई होळकर हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. 2019 ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. बृहन्महाराष्ट्रातली मराठी बाई, संसदेत सर्वोच्च खुर्चीवर बसून आलेली, आणि बोलायला उभी खानदेशात. त्याच सुमारास त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. सत्तेच्या जवळ असलेल्यांनी साहित्याच्या मंचावर असावे का, हा त्या दोन मांडवांमधल्या अंतराचा एक मोठा भाग होता.

विलायतेतला हिशेब

ब्रिटिश परंपरेचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तुलनेसाठी तो लागतो. पंतप्रधानपद आणि पक्षनेतृत्व सोडलेल्या ग्लॅडस्टन यांनी 1879 पासून स्कॉटलंडातल्या मिडलोदियन मतदारसंघात मोठ्या जाहीर सभा घेतल्या आणि 1880 मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. चर्चिल यांचे ‘पोलादी पडद्या’चे भाषण 5 मार्च 1946 चे, अमेरिकेतल्या फुल्टन गावच्या कॉलेजातले, तेव्हा ते पंतप्रधान नव्हते, निवडणूक हरलेले होते. म्हणजे पद नसताना केलेल्या भाषणाने इतिहास वळू शकतो, याचे दाखले तिथे आहेत.

अलीकडचा भाग पैशाचा आहे. टोनी ब्लेअर, डेव्हिड कॅमेरून, तेरेसा मे यांची व्याख्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक संस्थांमार्फत ठरू लागली. बोरिस जॉन्सन यांनी व्याख्यानांपोटी सुमारे 25 लाख पौंडांची आगाऊ रक्कम नोंदवली. विल्यम हेग यांची गोष्ट जरा निराळी: सोळाव्या वर्षी, 1977 मध्ये, पक्षाच्या परिषदेत भाषण करून नाव झाले, पुढे पक्षनेते, परराष्ट्रमंत्री, मधल्या काळात धाकटा पिट आणि विल्बरफोर्स यांची चरित्रे लिहिली, आणि आता ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कुलपती. वक्ता, लेखक आणि राजकारणी या तिन्ही भूमिका एका माणसात नांदू शकतात हे त्यांच्याकडे पाहून पटते.

पद सोडल्यावर मंत्र्याने दोन वर्षे कोणते काम घ्यावे, यावर सल्ला देणारी समिती तिथे 1975 पासून 2025 पर्यंत होती. तिचा सल्ला कायद्याने बंधनकारक नव्हता आणि तिला दात नाहीत ही टीका तिच्यावर सतत झाली. शेवटी ती बंद करून तिचे काम दुसऱ्या यंत्रणांकडे दिले गेले. तरी एक गोष्ट त्या व्यवस्थेने साधली: कोण कोणाकडून किती घेऊन बोलला, हे सामान्य नागरिकाला वाचता आले.

मतांची मांडणी

आता आपल्याकडची मते. पहिले मत असे की, मोठ्या पदावरचा अनुभव हा समाजाच्या खर्चाने मिळालेला असतो, म्हणून तो समाजाला परत मिळाला पाहिजे. या मताच्या बाजूने खानदेशात भक्कम पुरावा आहे. तापीच्या पाण्याचा प्रश्न घ्या. अमळनेरजवळचा पाडळसे प्रकल्प पिढी उलटली तरी रेंगाळलेला आहे. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी धुळ्याच्या लोकांनी किती निवडणुकांत ऐकली असेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटी रुपयांच्या त्या मार्गाला मंजुरी दिली सप्टेंबर 2024 मध्ये. या दीर्घ रखडण्याची खरी कारणे, म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या टेबलावर फाइल अडली, कोणता आक्षेप खरा होता आणि कोणता सबबीचा, हे ज्यांनी त्या खुर्च्यांवर बसून पाहिले तेच सांगू शकतात. त्यांनी ते व्याख्यानातून सांगितले तर जिल्ह्याला आपलाच इतिहास कळेल. केळीचा पीकविमा, कापसाचे भाव, गिरणा धरणाच्या पाण्याची वाटणी, आदिवासींचे वनहक्क या सगळ्यांना हेच लागू आहे.

दुसरे मत संयमाचे. राष्ट्रपती, राज्यपाल, सभागृहाचे अध्यक्ष या पदांवर राहिलेल्यांनी पदानंतर शक्यतो मौन पाळावे, निदान वादाचे बोलू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे: ज्या माणसाने सर्व पक्षांचा विश्वास सांभाळला, त्याने पुढे एका बाजूचे बोलणे त्या पदालाच मागे जाऊन डाग लावते. जून 2018 मध्ये माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी नागपूरला रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या वर्गाच्या समारोपाला गेले, तेव्हा हा वाद देशभर झाला. जाणे बरोबर म्हणणाऱ्यांनी संवादाचे तत्त्व सांगितले. त्यांच्या कन्येने आधीच जाहीरपणे इशारा दिला होता की भाषण विसरले जाईल, छायाचित्रे मात्र राहतील. मुखर्जींनी तिथे राष्ट्रवादाबद्दल, बहुविधतेबद्दल आणि सहिष्णुतेबद्दल विस्ताराने मांडणी केली. आज त्या प्रसंगाची आठवण काढणाऱ्या दहा जणांना भाषणातला मुद्दा विचारला तर किती सांगतील?

तिसरे मत व्याख्यानमाला चालवणाऱ्या, वाचनालयांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या मंडळींकडून जास्त ऐकू येते. ते म्हणतात, तत्त्व काहीही असो, आपल्याकडे राजकारणी माणूस निवृत्त होत नाही. आज मंत्रिपद गेले, उद्या परत येईल. नाही आले तर मुलगा, सून, पुतण्या उभा राहील. त्यामुळे त्याचे व्याख्यान हे पुढच्या निवडणुकीच्या तयारीचा भाग असण्याची शंका श्रोत्याच्या मनात राहतेच, आणि त्या शंकेने व्याख्यानमालेची पत जाते. या मताचा प्रतिवाद असा केला जातो की लोकशाहीत निवडणुकीची तयारी हा गुन्हा नाही, आणि श्रोता भोळा नाही. दोन्हीकडे तथ्य आहे. 1975 मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्याच मंचावरून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. मंत्री मंचावर असणे आणि मंच स्वतंत्र असणे या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, एवढे या प्रसंगावरून सिद्ध होते. पण त्यासाठी खुर्चीवर दुर्गाबाई लागतात, हेही तितकेच खरे.

माझे स्वतःचे मत पहिल्याकडे झुकणारे आहे, पण तिसऱ्या मताने उभ्या केलेल्या अडचणीचे उत्तर दिल्याशिवाय ते टिकत नाही.

पैशाची उलटी वाट

ब्रिटिश चर्चा जशीच्या तशी इथे लावता येत नाही, याचे कारण पैशाची दिशा. तिथे संस्था नेत्याला पैसे देते. आपल्या जिल्ह्याच्या गावी व्याख्यात्याला प्रवासखर्च, बेताचे मानधन, शाल आणि श्रीफळ मिळते. आणि वक्ता नेता असेल तर मानधनाचा विषयही निघत नाही. उलट बहुतेक वेळा मांडव, ध्वनिक्षेपक, जेवणावळ, छपाई यांचा भार नेता किंवा त्याचे चाहते उचलतात. साहित्य संमेलनाला राज्य सरकारचे अनुदान असते आणि उरलेली जुळवाजुळव स्थानिक संस्थांना करावी लागते. तिथे आमदार-मंत्र्यांच्या मदतीशिवाय गाडे पुढे जात नाही, हे कोणीही आयोजक सांगेल.

म्हणून आपल्याकडचा नैतिक प्रश्न वेगळा आहे. नेता व्याख्यानातून किती कमावतो, हे विचारण्याने इथे फारसे काही हाती लागणार नाही. ज्या संस्थेचा खर्च त्याने उचलला, त्या संस्थेच्या मंचावर त्याला अवघड प्रश्न विचारता येतो का, हे विचारायला हवे. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे ठेवण्याची पद्धत जिथे आहे तिथे वक्ता नेता असला की ‘वेळेअभावी’ ती गळतात, हा अनुभव अनेकांचा आहे. ग्रामीण भागात तर आभार प्रदर्शनाआधीच सत्कारांची रांग लागते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आला. तो हवाच होता. पण त्यानंतर वेळेची कात्री लागते ती नेहमी प्रश्नांना, सत्कारांना लागत नाही.

या मुद्द्यावर गंभीर लिखाण मराठीत फार थोडे आहे. संमेलनाच्या निमित्ताने वृत्तपत्रांत लेख येतात, त्यांत मंचावरच्या खुर्च्या मोजल्या जातात. खर्चाचा तपशील मांडून कोणी विचार करत नाही. मोठ्या शहरांत कंपन्यांच्या परिषदांना माजी मंत्री, माजी अधिकारी यांना मानधन देऊन बोलावणाऱ्या एजन्सी आता काम करतात. तो व्यवहार उघड व्हावा असा कोणताही नियम आपल्याकडे माजी मंत्र्यांसाठी नाही. खानदेशापर्यंत ही लाट अजून नीट पोचलेली नाही. पोचायच्या आधी विचार झालेला बरा.

कोणत्या बोलीत

आणखी एक मुद्दा फक्त या प्रदेशाचा आहे, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी. रावेर, यावल, भुसावळ, जामनेरकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, भिल्ली, तडवी. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीची नोंद भिल्ल भाषांच्या खंडात झाली, मराठीच्या खंडात नाही. त्यावरून तिच्या घराण्याबद्दलचा वाद आजतागायत चालू आहे. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक आहेत. घरी अहिराणी बोलणारे पण जनगणनेत मराठी लिहून देणारे धरले तर बोलणारे याहून किती तरी जास्त.

इथला नेता घरात आणि शेतात एका बोलीत बोलतो, विधानसभेत दुसऱ्या भाषेत. निवडणुकीच्या सभेत सुरुवातीची दोन वाक्ये अहिराणीत म्हणायची, टाळ्या घ्यायच्या आणि मग प्रमाण मराठीत शिरायचे, ही रीत सर्व पक्षांत रुळलेली आहे. काही वक्ते मात्र संपूर्ण सभा बोलीच्या बळावर जिंकत आले. अमळनेरचे समाजवादी नेते साथी गुलाबराव पाटील यांची आठवण जुनी माणसे आजही काढतात. अलीकडच्या काळात त्याच नावाचे पाळधीचे मंत्री गुलाबराव पाटील यांना कार्यकर्ते ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात. पक्ष वेगळे, काळ वेगळा. पण बोलीचा ठसका आणि गावातल्या माणसाला कळणारा दाखला या दोन गोष्टींवर खानदेशी सभा आजही चालते.

यावर दोन मते आहेत. अहिराणीचे अभ्यासक आणि कार्यकर्ते म्हणतात की बोली केवळ हशा-टाळ्यांपुरती वापरणे हा तिचा अपमान आहे. धोरणाची, अंदाजपत्रकाची, पाणीवाटपाची चर्चा तिच्यात झाली तरच ती वाढेल. दुसऱ्या बाजूला शिक्षणक्षेत्रातली मंडळी विचारतात की प्रमाण भाषेत मांडलेला मुद्दा राज्यभर पोचतो, बोलीतला जिल्ह्यात राहतो, मग नुकसान कोणाचे? बहिणाबाईंचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. आसोद्याची ही शेतकरीण लेवा बोलीत रचत गेली आणि सगळ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. पण बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत आली तीही मुलाने, सोपानदेवांनी, आणि इतर आप्तांनी लिहून ठेवली म्हणून.

पदावरून उतरलेल्या नेत्याला या बाबतीत मोकळीक जास्त आहे. त्याला विधिमंडळाच्या कामकाजाची भाषा बोलायची सक्ती उरलेली नसते. तीस वर्षे सिंचनखात्याच्या बैठका पाहिलेला माणूस अहिराणीत तासभर पाण्यावर बोलला, तर ती त्या बोलीसाठीही नवी घटना ठरेल. असे व्याख्यान कोणी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

काय उरले आहे

आढावा घेताना जी अडचण पावलोपावली आली ती साधनांची. विधिमंडळातले प्रत्येक वाक्य छापील कार्यवृत्तात आहे. प्रतिभाताईंचे 1962 नंतरचे, मधुकररावांचे, खडसे यांचे सभागृहातले बोलणे कोणीही अभ्यासकाने वाचावे. राष्ट्रपती म्हणून केलेली भाषणे ग्रंथरूपात आहेत. पण त्याच माणसांनी जामनेरच्या बाजारात, सोनगीरच्या चौकात, खिरोद्याच्या अंगणात जे सांगितले, त्याची नोंद ‘जनशक्ती’, ‘देशदूत’, ‘आपला महाराष्ट्र’ अशा दैनिकांच्या जुन्या फायलींतल्या चार ओळींच्या बातमीपलीकडे सहसा सापडत नाही. वाचनालयांच्या वार्षिक अहवालांत वक्त्याचे नाव आणि विषय असतो, मजकूर नसतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलवर सगळे टिपले जाते खरे, पण टिपले जाते ते टाळीचे वाक्य. संपूर्ण व्याख्यान, तारखेसह, ठिकाणासह, प्रश्नोत्तरांसह जपले जात नाही.

त्यामुळे वर मांडलेल्या मतांपैकी कोणते बरोबर, हे तपासायला पुरावाच नाही. पदमुक्त नेते व्याख्यानात नवे काही सांगतात की जुन्या सभेतलेच पुन्हा म्हणतात? खर्च उचलणाऱ्या नेत्याला प्रश्न विचारले जातात का? बोलीत बोलल्याने मुद्दा पातळ होतो की नेमका होतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज आपण केवळ आपापल्या आठवणींवरून आणि आवडीनिवडीवरून देत आहोत. नियमांचा प्रश्नही तसाच अनुत्तरित आहे: माजी मंत्र्यांच्या मानधनाची नोंद सक्तीची करावी का, आणि केली तर ती ठेवणार कोण, यावर राज्यात सुसंगत चर्चा झालेली नाही.

यातले नियमांचे काम सरकारचे आहे आणि ते होईल तेव्हा होईल. नोंदीचे काम मात्र इथल्या संस्थांना आजही करता येण्यासारखे आहे. जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक व्याख्यानमालेने, प्रत्येक वाचनालयाने आपल्याकडच्या व्याख्यानाचे पूर्ण ध्वनिमुद्रण करावे, बोली जशी बोलली तशी उतरवावी, प्रश्न आणि उत्तरे त्यात ठेवावीत, कार्यक्रमाचा खर्च कोणी केला ते एका ओळीत लिहावे आणि त्याची एक प्रत बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी. ज्यांनी या भागाच्या वतीने तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे सत्तेचे कामकाज जवळून पाहिले ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना येत्या हंगामातच बोलवा, पुरेसा वेळ द्या, आणि हारतुऱ्यांच्या आधी प्रश्न ठेवा.